संभाव्यतेचं मॉडेल फुगलं तर: स्टेट स्पेस आवरण्याची पायरीपायरीने ओळख

प्रिझम किंवा स्टॉर्म हे संभाव्यतेची मॉडेलं तपासणारं टूल उतरवून घेतलं, सोबतची तयार उदाहरणं चालवून पाहिली, मग स्वतःचं पहिलं मॉडेल लिहिलं आणि ते बिल्ड होतानाच मेमरी संपली. फर्मागुडी, ताळगाव, झुआरीनगर, कुंकळ्ळी इथे शिकणाऱ्या आणि नेमक्या याच जागी अडकलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले कितीतरी जण पुढे या विषयाकडे येतात, पण त्यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. संभाव्यतेच्या मॉडेल चेकिंगमध्ये आपण एखाद्या यंत्रणेच्या सगळ्या शक्य अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची शक्यता लिहून देतो. या सगळ्या अवस्था मिळून स्टेट स्पेस होते. ‘तीस दिवसांत दोन्ही बोटी एकदम बंद पडण्याची शक्यता किती?’ असा प्रश्न विचारला की टूल सगळ्या अवस्थांवर गणित करून उत्तर देतं. नमुने घेऊन अंदाज बांधणं वेगळं आणि हे वेगळं. ताकद इथेच आहे आणि अडचणही इथेच आहे, कारण व्हेरिएबल वाढवलं की अवस्थांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

उदाहरण म्हणून रायबंदर-चोडण फेरीबोट घेऊ. मांडवी ओलांडणारी बोट, धक्क्यावरची रांग, मधूनच बंद पडणारं इंजिन असं सगळं त्यात आहे. पुढचे दर आणि शक्यता मी सरावापुरत्या धरल्या आहेत, प्रत्यक्ष फेरीसेवेचे ते आकडे नाहीत.

पायरी १: प्रश्न आधी, मॉडेल नंतर

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. नवीन माणूस आधी यंत्रणा जशी दिसते तशी सगळी मॉडेलमध्ये ओततो आणि मग काय विचारायचं ते ठरवतो. क्रम उलटा हवा. एक-दोन प्रश्न कागदावर लिहा. ‘सकाळी साडेआठला धक्क्यावर सहाहून जास्त स्कूटर असण्याची शक्यता किती?’ हा एक प्रश्न. ‘माझी स्कूटर अर्ध्या तासात पलीकडे पोचण्याची शक्यता किती?’ हा दुसरा. दिसायला दोन्ही एकाच धक्क्याबद्दल आहेत, पण दोघांना लागणारं मॉडेल वेगळं आहे. पहिल्याला कुठली स्कूटर कोणाची याच्याशी देणंघेणं नाही, दुसऱ्याला आहे. प्रश्नाला जे दिसत नाही ते मॉडेलमध्ये ठेवायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमातून निघतात.

पायरी २: आकार मोजा

प्रश्न न देता नुसतं मॉडेल बिल्ड करा. अवस्था किती आणि संक्रमणं (एका अवस्थेतून दुसरीत जाणारे बाण) किती हे दोन्ही टूल्स सांगतात. मॉडेल मोठं असेल तर स्थिरांक लहान करून बिल्ड करा: ३ स्कूटर, मग ४, मग ५. आकडे कसे वाढतात ते पाहिलं की १० ला काय होणार ते कळतं.

मेमरीचा हिशेब हातानेच करता येतो. विरळ मॅट्रिक्समध्ये (शून्य नसलेल्या नोंदीच साठवणाऱ्या तक्त्यात) प्रत्येक संक्रमणाला साधारण १२ बाइट लागतात, शक्यतेसाठी ८ आणि स्तंभाच्या क्रमांकासाठी ४. १ कोटी अवस्था आणि प्रत्येकीला ५ संक्रमणं धरली तर ५ कोटी गुणिले १२, म्हणजे सुमारे ६०० एमबी. शिवाय उत्तरांचे व्हेक्टर, प्रत्येकी ८० एमबी. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे बसतं. २० कोटी अवस्था झाल्या की नुसत्या मॅट्रिक्सलाच १२ जीबी लागतात. आपण या दोन टोकांत कुठे आहोत हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रिझम वापरत असाल तर आणखी एक पाहा: ते जावावर चालतं आणि जावाला किती मेमरी द्यायची ते वेगळं सांगावं लागतं. कित्येकदा मॉडेल ठीक असतं, ही मर्यादाच तोकडी असते.

पायरी ३: व्हेरिएबल झाडून घ्या

बोटीवर किती गाड्या आहेत हे ठेवणारं ० ते २० असं व्हेरिएबल समजा. बोट धक्क्याला लागली, गाड्या उतरल्या, पण व्हेरिएबल मागच्या फेरीचाच आकडा धरून राहिलं. पुढे गाड्या चढतील तेव्हा ते नव्याने भरलं जाणारच आहे, म्हणजे मधल्या काळात त्या आकड्याचा उपयोग शून्य. तरीही टूलच्या लेखी ‘रिकामी बोट, आधीचा आकडा ७’ आणि ‘रिकामी बोट, आधीचा आकडा १२’ या दोन वेगळ्या अवस्था असतात. बोट रिकामी असतानाच्या अवस्था त्यामुळे २१ पटीपर्यंत वाढतात. गाड्या उतरताच व्हेरिएबल ० करा, एवढाच उपाय. एका ओळीचं काम, आणि उत्तर जराही बदलत नाही.

दुसरी जागा घड्याळाची. नदी ओलांडायला १० मिनिटं लागतात असं धरलं आणि सेकंद मोजले तर ६०१ मूल्यं होतात, मिनिटं मोजली तर ११. प्रश्न अर्ध्या तासाचा असेल तर सेकंद कशाला? पण एकक बदललं की शक्यताही बदलायला हव्यात, आणि त्या ६० ने गुणून मिळत नाहीत. दर सेकंदाला एखादी घटना घडण्याची शक्यता ०.०१ असेल, तर मिनिटात ती एकदा तरी घडण्याची शक्यता ०.६ नव्हे. १ वजा ०.९९ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे ०.४५३.

तिसरी जागा मधल्या पायऱ्यांची. दोर सोडला, फळी उचलली, इंजिन सुरू केलं अशा एकामागून एक हमखास घडणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या अवस्था म्हणून लिहिलेल्या असतात. प्रश्न ‘कधी तरी पोचेल का’ असा असेल तर त्या खुशाल एकत्र करा. प्रश्नात टप्प्यांची किंवा वेळेची मर्यादा असेल तर मात्र थांबा, कारण टप्पे गाळले की वेळही गाळली जाते. मार्कोव्ह साखळी म्हणजे पुढची अवस्था फक्त आत्ताच्या अवस्थेवरून ठरते असं मॉडेल. वेळ सलग धावणाऱ्या अशा साखळीत दोन घातांकी टप्पे (ज्यांचा वेळ एक्स्पोनेन्शियल वितरणाने ठरतो असे) जोडून एक घातांकी टप्पा होत नाही, सरासरी जुळली तरी वितरण बदलतं.

पायरी ४: एकसारख्यांची नावं पुसा, संख्या ठेवा

हातात आलेली सगळ्यात मोठी बचत बहुतेक वेळा इथली असते. चोडणहून रोज निघणाऱ्या १० स्कूटर घ्या. प्रत्येक स्कूटर घरी, धक्क्यावर किंवा पलीकडे अशा तीनपैकी एका ठिकाणी. प्रत्येकीला स्वतंत्र व्हेरिएबल दिलं तर ३ चा १० वा घात, म्हणजे ५९,०४९ अवस्था. सगळ्या स्कूटर एकसारख्या वागत असतील आणि प्रश्न फक्त ‘किती’ असाच असेल, तर तीन ठिकाणी किती किती एवढंच ठेवायचं. मग अवस्था होतात १२ मधून २ निवडण्याच्या प्रकारांइतक्या, म्हणजे ६६. स्कूटर २० केल्या तर पहिल्या पद्धतीत ३,४८,६७,८४,४०१ आणि दुसरीत २३१.

आता ज्या जागी हमखास घोटाळा होतो ती जागा. प्रत्येक स्कूटर घरून ताशी २ या दराने निघते असं मूळ मॉडेलमध्ये असेल, तर मोजणीच्या मॉडेलमध्ये घरी क्ष स्कूटर असताना ‘एक स्कूटर निघाली’ याचा दर २ नाही, २ गुणिले क्ष आहे. दहाही घरी असताना तो २० आणि एकच उरली असताना २. नुसता २ लिहिला तरी मॉडेल बिनतक्रार बिल्ड होतं, उत्तरही येतं, आणि ते साफ चुकीचं असतं, कारण दहा जण मिळून एका माणसाच्या वेगाने घराबाहेर पडताहेत असा त्याचा अर्थ होतो. वेळ टप्प्याटप्प्याने मोजणाऱ्या साखळीत सगळ्या स्कूटर एकाच टप्प्यात हलत असतील तर दराऐवजी द्विपद वितरण (एका टप्प्यात किती स्कूटर निघतील याच्या शक्यता) घालावं लागतं, आणि ते लिहायला जास्त कटकटीचं आहे. म्हणून नवख्यांनी मोजणीचं मॉडेल सलग वेळेच्या साखळीतच लिहावं असं माझं मत आहे.

आणि ‘माझी स्कूटर’ हा दुसरा प्रश्न? त्यासाठी सगळी मोजणी सोडून द्यायची गरज नाही. एक स्कूटर वेगळी ठेवा, उरलेल्या ९ मोजा. ३ गुणिले ५५, म्हणजे १६५ अवस्था. बोट आली की सगळी रांग एकदम चढते असं इथे धरलं आहे. जागा कमी आणि रांग क्रमाने पुढे सरकणारी असेल, तर आपल्यापुढे किती जण आहेत हेही धरावं लागेल.

पायरी ५: अवस्थांची गाठोडी बांधा

पायरी ४ ची कल्पना व्यापक केली की तिला लंपिंग किंवा बायसिम्युलेशन म्हणतात. मार्कोव्ह साखळीच्या अवस्था कधी एकत्र करता येतात याची अट केमेनी आणि स्नेल यांनी १९६० साली मांडली. संगणकशास्त्राच्या अंगाने संभाव्यतेचं बायसिम्युलेशन लार्सन आणि स्कू यांनी १९९१ साली दिलं. टूलचं बटण दाबण्याआधी एकदा हे हाताने करून पाहा.

दोन बोटी, अ आणि ब. प्रत्येक चालू किंवा बंद. चालू बोट दुसऱ्या दिवशी बंद असण्याची शक्यता ०.१, बंद बोट दुसऱ्या दिवशी चालू असण्याची ०.५, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. अवस्था चार. प्रश्न फक्त ‘किती बोटी बंद’ असा आहे, म्हणून ‘अ चालू, ब बंद’ आणि ‘अ बंद, ब चालू’ या दोघींना एका गाठोड्यात घालून पाहू. अट अशी की गाठोड्यातल्या प्रत्येक अवस्थेतून प्रत्येक गाठोड्यात जाण्याची एकूण शक्यता सारखीच यायला हवी.

‘अ चालू, ब बंद’ पासून: दोन्ही चालू होण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.५, म्हणजे ०.४५. एकच बंद राहण्याचे दोन रस्ते आहेत, ०.४५ आणि ०.०५, मिळून ०.५०. दोन्ही बंद ०.०५. ‘अ बंद, ब चालू’ पासूनही हेच तीन आकडे येतात. म्हणजे गाठोडं खरं आहे, आणि चार अवस्थांच्या तीन झाल्या. दोन्ही चालू असताना पुढे ०.८१, ०.१८, ०.०१. दोन्ही बंद असताना ०.२५, ०.५०, ०.२५.

आता अ बोट जुनी आहे, तिची बंद पडण्याची शक्यता ०.२ आहे असं धरा. ‘अ चालू, ब बंद’ पासून तीन आकडे येतात ०.४०, ०.५०, ०.१०. ‘अ बंद, ब चालू’ पासून येतात ०.४५, ०.५०, ०.०५. मधला आकडा अगदी जुळतो, आणि घाईत तेवढाच पाहिला तर गाठोडं बरोबर वाटतं. पण कडेचे दोन जुळत नाहीत, म्हणून गाठोडं फोडायला हवं. एकूण एक गाठोड्याचा आकडा तपासायचा असतो तो यासाठीच.

टूल हेच काम यांत्रिकपणे करतं. सुरुवातीला प्रश्नात आलेल्या लेबलनुसार अवस्थांचे गट पाडतं, ज्या गटातल्या अवस्थांचे आकडे जुळत नाहीत तो फोडतं, आणि काहीच फोडायचं उरेपर्यंत चालू राहतं. देरिसावी, हेर्मान्स आणि सँडर्स यांनी २००३ साली दिलेली पद्धत हे संक्रमणांच्या संख्येला अवस्थांच्या लॉगॅरिदमने गुणल्याइतक्या वेळात करते. स्टॉर्ममध्ये बायसिम्युलेशनचा पर्याय तयार आहे, आणि ते प्रिझमच्या भाषेतलं मॉडेल वाचतं, त्यामुळे पुन्हा काही लिहावं लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही गाठोडी बांधायला टूलला बहुधा आधी पूर्ण मॉडेल बिल्ड करावं लागतं. मॉडेल बिल्डच होत नसेल तर हा पर्याय तुम्हाला वाचवणार नाही. बिल्ड होतंय पण गणित तासन्‌तास चाललंय, किंवा एकाच मॉडेलला वीस प्रश्न विचारायचे आहेत, तेव्हा त्याचा खरा उपयोग. म्हणूनच पायरी ३ आणि ४ हाताने आधी करायच्या.

पायरी ६: उत्तर ठरलेल्या अवस्था बाजूला काढा

प्रश्न ‘३० दिवसांत दोन्ही बोटी बंद’ असा असेल तर ती अवस्था आल्यानंतर पुढे काय होतं याला महत्त्व नाही. तिथून बाहेर पडणारे बाण काढा आणि तिला स्वतःकडेच वळवा. तिच्या पलीकडूनच पोचता येणाऱ्या अवस्था आपोआप गळतात. ज्यांच्यापासून लक्ष्य गाठणं अशक्यच आहे आणि ज्यांच्यापासून ते नक्की आहे अशा अवस्था टूल स्वतःच आलेखावरून ओळखतं, त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. दीर्घकाळाचा प्रश्न विचारायचा असेल तर मात्र हे बाण काढू नका.

पायरी ७: साठवण बदला

प्रिझममध्ये इंजिन म्हणजे मॉडेल साठवण्याची आणि गणिताची पद्धत. त्याचं एमटीबीडीडी (मल्टि-टर्मिनल बायनरी डिसिजन डायग्राम) इंजिन अवस्था कमी करत नाही, त्या आकृतीच्या रूपात आटोपशीर साठवतं. मॉडेलला नियमित रचना असेल तर कोट्यवधी अवस्था थोड्या मेमरीत बसतात. रचना नसेल, किंवा प्रत्येक बाणावर वेगळीच शक्यता असेल, तर आकृती उलट फुगते. व्हेरिएबलचा क्रम इथे फार महत्त्वाचा असतो आणि प्रिझम तो फाइलमधल्या क्रमावरून घेतं. एकमेकांशी बोलणारी व्हेरिएबल जवळ जवळ लिहा. मर्यादाही पाहा: ० ते १५ ला ४ बिट पुरतात, ० ते १६ ला ५ लागतात. एक्स्प्लिसिट इंजिन (प्रत्येक अवस्था वेगळी साठवणारं) वापरत असाल तर बिटांची ही काळजी करू नका, कारण तिथे गाठता येणाऱ्या अवस्थाच मोजल्या जातात.

पायरी ८: दिवस आणि मिनिटं एका मॉडेलमध्ये कोंबू नका

इंजिन बिघडतं दिवसांच्या हिशेबाने, रांग हलते मिनिटांच्या. दोन्ही एकत्र घातली की अवस्थांचा गुणाकार होतो आणि गणितही फार सावकाश जुळत येतं. त्याऐवजी वर बांधलेली तीन अवस्थांची साखळी आधी सोडवा. दीर्घकाळात दोन्ही चालू, एक बंद, दोन्ही बंद यांची प्रमाणं २५/३६, १०/३६, १/३६ येतात. हे ताडून पाहणंही सोपं आहे: एक बोट दीर्घकाळात १/६ वेळ बंद असते, दोघी स्वतंत्र आहेत, म्हणून दोन्ही बंद १/३६. मग रांगेचं मॉडेल दोन, एक आणि शून्य बोटींसाठी तीनदा चालवा आणि उत्तरांची या प्रमाणांनी भारित सरासरी घ्या. हे अंदाजी उत्तर आहे. बिघाड रांगेपेक्षा पुष्कळ सावकाश घडत असेल तेव्हाच ते चांगलं असतं, आणि अहवालात तसं लिहायलाच हवं.

पायरी ९: रांग कापायची तर किती कापली ते मोजा

रांगेला वरची मर्यादा नसेल तर ती कुठे तरी कापावी लागते. ४० च्या पुढची गाडी नुसती गायब करू नका. त्यासाठी एक वेगळी ‘मर्यादेबाहेर’ अवस्था ठेवा, जिथून परत येता येत नाही. समजा लक्ष्य गाठण्याची शक्यता ०.१३२० आली आणि त्याआधीच मर्यादेबाहेर जाण्याची ०.०००४. मग खरं उत्तर ०.१३२० आणि ०.१३२४ यांच्या मधे आहे, याची खात्री आहे. ही पट्टी रुंद वाटली तर मर्यादा ६० करा. ४० नंतर ५० ला उत्तर फारसं बदललं नाही म्हणून ठीक असेल, असं नुसतं म्हणण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भक्कम आहे.

मार्कोव्ह डिसिजन प्रोसेसबद्दल इथे दोनच वाक्यं. बोट आता सोडायची की थांबायचं असा निर्णय मॉडेलमध्ये असेल तर गाठोड्याची अट प्रत्येक निर्णयासाठी पाळली जायला हवी. पार्शल ऑर्डर रिडक्शन (घटनांचे सारखेच परिणाम देणारे क्रम गाळून अवस्था कमी करण्याची पद्धत) पहिल्या मॉडेलमध्ये स्वतः घालायला जाऊ नका, कारण शक्यता आल्या की त्याच्या अटी साध्या मॉडेल चेकिंगपेक्षा कडक होतात आणि त्या हाताने तपासणं अवघड आहे.

पायरी १०: लहान आकारावर दोन्ही मॉडेलं ताडून पाहा

ही पायरी कधीही टाळू नका. ३ स्कूटर घ्या. नावांचं मॉडेल २७ अवस्थांचं, मोजणीचं १० अवस्थांचं. दोन्हींना तोच प्रश्न विचारा. उत्तरं जुळायला हवीत. नेहमीच्या पुनरावृत्तीच्या गणितात फरक फार लहान झाला की टूल थांबतं (प्रिझममध्ये मूळ ठरवलेली मर्यादा ०.०००००१ आहे), त्यामुळे सातव्या-आठव्या दशांश स्थळी फरक दिसला तर घाबरू नका. तिसऱ्या स्थळी दिसला तर कुठे तरी दर चुकला आहे. पहिल्यांदा पायरी ४ मधला तो गुणाकार तपासा. एक आकार जुळला की ४ आणि ५ स्कूटरही करून पाहा, कारण सगळे दर एकदाच वापरले जातील इतक्या लहान मॉडेलमध्ये काही चुका लपतात. प्रत्येक कपातीनंतर एकदा ताडा. पाच कपाती एकदम करून मग ताडायला बसलात तर चूक कुठली ते शोधणं फार जड जातं.

पायरी ११: तरीही बसलं नाही तर

मग सिम्युलेशनकडे वळा. दोन्ही बाजूंना ०.०१ इतकी चूक चालत असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर हॉफ्डिंगच्या असमानतेनुसार १८,४४५ स्वतंत्र धावा पुरतात, मग मॉडेलमध्ये हजार अवस्था असोत की हजार कोटी. फुगलेल्या मॉडेलसाठी हा मोठा दिलासा आहे. पण विचारलेली घटना लाखात एकदा घडणारी असेल तर इतक्या धावांत ती बहुधा एकदाही दिसणार नाही आणि उत्तर ० येईल. ते ० म्हणजे ‘कधीच घडत नाही’ असं समजू नका. अशा प्रश्नांसाठी पुन्हा पायरी १ वर जा आणि प्रश्नच लहान करता येतो का ते पाहा: तीस दिवसांऐवजी एक दिवस, दोन्ही धक्क्यांऐवजी एकच.